पाठीला कोण विचारतो

मऊ गादीकडे मराठी माणूस जरा संशयानंच बघतो. भात मऊ लागतो, पुरणपोळी लुसलुशीत लागते, भाकरी वातड झाली तर ताटावरून उठायची वेळ येते. पण गादी मऊ आहे म्हटलं की घरातलं वडीलधारं माणूस घसा खाकरतं. ‘फार मऊ बरी नव्हे. सवय लागते.’ सवय कसली, तर झोपेची. आणि एकदा झोपेची सवय लागलेला माणूस पुढे काय काय करील याचा नेम नाही, असा त्या खाकरण्याचा अर्थ असतो.

आमच्या अण्णांचं या विषयावरचं मत पक्कं आहे. जगात माणसं दोन प्रकारची, सतरंजीवर झोपणारी आणि वाया गेलेली. त्यांचं लहानपण चाळीतल्या दोन खोल्यांत गेलं. रात्री जेवणं झाली, खरकटं निघालं, की भिंतीशी रचलेल्या वळकट्या उलगडायच्या. ओळीनं अंथरुणं पडायची. कोण कुणाशेजारी, कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी, हे नात्यावर आणि वयावर ठरलेलं. सकाळी दूधवाल्याची हाक यायच्या आत सगळं पुन्हा भिंतीला. गादी होती, नाही असं नाही. पण ती पाहुण्याला, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. धडधाकट माणसानं गादीवर लोळणं म्हणजे ताप नसताना काढा पिण्यासारखं.

गंमत अशी, की स्वतःच्या पाठीशी इतकी निष्ठुर असणारी हीच माणसं देवाच्या पाठीबद्दल मात्र कमालीची हळवी. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीच्या सुमारास शेजघरातला पलंग काढतात, म्हणजे देवानं तेवढे दिवस झोपायचंच नाही, रात्रंदिवस दर्शन द्यायचं. पण उभं राहून पाठ भरून येईल म्हणून विठ्ठलाच्या मागे कापसाचा लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. पुढे प्रक्षाळपूजा झाली की शिणवटा जावा म्हणून देवाला काढाही दाखवतात. दिंडीत चालून तळपायाला फोड आलेले वारकरी रात्री कुठल्या तरी शाळेच्या फरशीवर पडलेले असतात, आणि त्यांना काळजी देवाच्या पाठीची.

आमची कुलदेवता तर या बाबतीत आणखी नशीबवान. तुळजाभवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. शारदीय नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात मोहनिद्रा. महिषासुराला मारून दमल्यावर पाच दिवस झोपायचं, आणि कुणी ‘अजून उठली नाही का?’ असं म्हणायचं नाही. तिचा पलंग आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि गावोगाव मुक्काम करत, लोकांना दर्शन घेऊ देत, पायी तुळजापूरला पोचतो. दरवर्षी नवा पलंग! आमच्या घरी दरवर्षी नवं कॅलेंडर येतं. पलंग लग्नातला.

त्या पलंगानं अलीकडे बोलायला सुरुवात केली होती. कूस बदलली की एक स्वर, उठून बसलं की दुसरा. वरची गादी कापसाची, सासुरवाडीहून आलेली, आणि तिच्यात आता दोन स्वतंत्र खड्डे व मध्ये एक बांध अशी शेतजमिनीची रीतसर वाटणी झाली होती. तरी मी ती बदलायच्या विरुद्ध होतो. एक तर वस्तू पूर्ण मोडल्याशिवाय बदलू नये, हा आमच्याकडचा दंडक. दुसरं म्हणजे, गादी हा खर्च कुणाला दिसत नाही. सोफ्यावर चाळीस हजार घातले तर येणारा-जाणारा त्यावर बसून ‘वा!’ तरी म्हणतो. गादीवर आपण चादर घालतो आणि खोलीचं दार लोटून घेतो.

‘अहो, तुमची कंबर रोज सकाळी मला ऐकू येते,’ ही म्हणाली, ‘पलंगाआधी.’ मग निघालोच.

डोंबिवलीकराला फर्निचर घ्यायचं म्हणजे उल्हासनगर. तिथल्या फर्निचर बाजारात शिरलं की जगातल्या सगळ्या माणसांनी आजच लग्न करायचं ठरवलंय असं वाटतं. एकेका दुकानात पलंगांची दाटी, त्यांच्या डोक्याकडच्या बाजूला मखमल, मखमलीला बटणं, बटणांमध्ये खडे. काही पलंगांच्या उशाशी दिवे लागतात. काहींना हायड्रॉलिकचा दट्ट्या असतो. एका हातानं उचललं की अख्खी गादी आ वासते आणि आत घरातल्या सगळ्या जुन्या रजया, पितळी भांडी आणि न वापरलेला मिक्सर मावेल एवढं पोट दिसतं. हिला ते पोट बघताक्षणी आवडलं. मला वाटतं, मराठी बाई पलंग झोपण्यासाठी घेतच नाही. ती एक आडवं कपाट घेते, आणि त्यावर घरातल्या माणसांना झोपायची परवानगी देते.

मापाचं गणित मात्र तिनंच मांडलं. आमची खोली दहा बाय दहा. दुकानदार किंग साइजचा आग्रह धरत होता, म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच लांब आणि बहात्तर रुंद. सहा फुटांचा पलंग टाकला तर राहिले चार. त्यातले दोन कपाटाचे. उरलेल्या दोन फुटांत कपाटाचं दार उघडायचं, मी कपडे बदलायचे आणि हिनं केर काढायचा. ‘क्वीन,’ ती म्हणाली. साठ इंच रुंदी. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणणाऱ्यानं पूर्वी खोली मोजलेली नव्हती, एवढंच.

पलंग ठरला आणि खरी परीक्षा वरच्या मजल्यावर सुरू झाली. तिथे नुसत्या गाद्या. आठ हजारांपासून लाखापर्यंत, आणि जवळजवळ प्रत्येकीवर ‘ऑर्थो’. एवढं ऑर्थो मी हाडांच्या दवाखान्यातही पाहिलं नव्हतं.

‘काका, झोपून बघा ना,’ गाद्यावाला पोरगा म्हणाला.

आता चारचौघांत आडवं होणं हा आपला संस्कार नाही. आपण देवळात साष्टांग नमस्कारसुद्धा आजूबाजूला बघून घालतो. मी चपला काढल्या, त्या कुठे ठेवू म्हणून विचारलं, पोरगा म्हणाला राहू द्या, पायाखाली प्लास्टिक आहे. आडवा झालो. शर्ट वर सरकला, तो खाली ओढला. हातांचं काय करायचं कळेना. बाजूला ठेवले तर सलामी दिल्यासारखं वाटतं, म्हणून पोटावर जुळवले. त्याबरोबर ही म्हणाली, ‘तसे नका ठेवू, बघवत नाही.’ एक तरुण जोडपं गादीशेजारी येऊन थांबलं, त्यांना ह्याच गादीचा भाव हवा होता. मी पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघून हसलो. पोरगा माझ्या डोक्याशी उभा राहून सांगत होता, ‘आता कुशीवर वळा काका. आता दुसऱ्या. कसं वाटतंय?’

काय वाटणार? गादी कशी आहे हे झोपल्यावर कळतं, आणि झोपल्यावर माणसाला काहीच कळत नाही. गाद्यांच्या धंद्यातली खरी अडचण ही आहे. चपलेच्या दुकानात निदान चार पावलं चालता येतं.

तरी त्या पोराला धंदा माहीत होता. त्यानं गाद्यांचे कापलेले तुकडे काढून दाखवले, आणि ते बघताना मी आपण आडवे झालो होतो हेही विसरलो. काथ्याचा थर: नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकात भिजवून दाबलेला, हवा खेळती, मुंबईच्या दमट हवेला बरा. साधा फोम: तो डेन्सिटीवर विकतात, बत्तीसची, चाळीसची, म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन, आकडा मोठा तर माल भरीव. फोमच्या गादीला अण्णा अजूनही ‘डनलॉप’च म्हणतात, कुठल्याही कंपनीची असो. मग एक तुकडा निघाला रंगीबेरंगी, लाल-निळे-पिवळे कण चिकटवलेला, हातानं दाबला तर दबेना. ‘हा रीबॉन्डेड. ऑर्थोमध्ये बहुतेक हाच.’ म्हणजे फोमच्या कारखान्यातल्या कतरणी बारीक करून पुन्हा चिकटवलेल्या. वाईट नाही, टिकतो चांगला. पण वर डॉक्टरकीचं नाव आणि पोटात उरलंसुरलं, हे पाहून मला बरं वाटलं. आपल्याकडची थालिपीठंही याच तत्त्वावर चालतात आणि पौष्टिक म्हणवतात.

स्प्रिंगच्या दोन जाती. एक बॉनेल, सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या. एका टोकाला माणूस बसला की दुसऱ्या टोकाला बातमी पोचते. दुसरी पॉकेट स्प्रिंग, प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत. ही कल्पना जेम्स मार्शल नावाच्या कॅनडातल्या माणसाची, सव्वाशे वर्षांपूर्वीची. एकत्र राहायचं, पण एकाच्या हालचालीची झळ दुसऱ्याला लागू द्यायची नाही. पोरानं गादीच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर स्वतः दणकन बसला. पाणी हललं नाही. हिनं माझ्याकडे पाहिलं. मी रात्री किती वेळा उठतो याचा हिशेब त्या नजरेत होता.

आणि मग मेमरी फोम. याचा जन्म १९६६ चा, अमेरिकेच्या नासाच्या कामातून. चार्ल्स योस्ट नावाच्या अभियंत्यानं विमानाच्या आसनांसाठी तो काढला, दणका बसला तर तो फोमनं जिरवावा म्हणून. अंगाच्या उबेनं नरम पडतो, आपल्या आकाराचा होतो, उठलं की सावकाश पूर्ववत. विमान आदळलं तरी माणूस वाचावा यासाठी शोधलेली वस्तू आज रविवारी दुपारी श्रीखंड खाऊन आदळणाऱ्या माणसाखाली आहे, ही प्रगतीच म्हणायची. पण उबेनं नरम पडणाऱ्या वस्तूनं ऊब धरूनही ठेवायची असते, आणि मे महिन्यात डोंबिवलीत कुणाला आपली ऊब परत नको असते. पाण्याच्या गादीची मी सहज चौकशी केली. चार्ल्स हॉल या विद्यार्थ्यानं १९६८ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोत केली. त्याआधी त्यानं पिशवीत जेली भरूनही बघितली होती. पोरगा म्हणाला, ‘काका, आपल्याकडे नाही ती.’ बरोबरच आहे. आमच्या सोसायटीत गादी भरायला टँकर मागवायचा तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल.

‘मग कडक दाखवू का मऊ?’ त्यानं शेवटी विचारलं. मी कडक म्हणालो, ही त्याच क्षणी मऊ म्हणाली.

आता मी कडक का म्हणालो, याचा मी नंतर विचार केला. पाठीला विचारून नक्कीच नाही. ते उत्तर अण्णांचं होतं, त्यांच्या वडिलांचं होतं. कडक गादीवरची आपली निष्ठा ही वैद्यकाची नाहीच, ती नीतीची आहे. गार पाण्यानं आंघोळ, पहाटेचं उठणं, बिनसाखरेचा चहा, त्याच माळेतला हा मणी. पाठ दुखली की फळीवर झोपा, हा सल्ला डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं दिला, आणि आपल्याला तो पटला, कारण त्यात थोडी शिक्षा होती. ज्या औषधानं त्रास होत नाही ते आपल्याला लागू पडत नाही.

पण स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. कंबरदुखी जुनी झालेले ३१३ जण घेतले, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम, आणि कुणाला कुठली ते सांगितलं नाही. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवाले जास्त बरे होते. पडल्यावर दुखणं कमी, उठताना कमी, कामाला अडचण कमी. कारणही काही गूढ नाही. कुशीवर झोपलेल्या माणसाचा खांदा आणि खुब्याचं हाड ही दोन ठिकाणं पुढे आलेली. खाली फरशी असेल तर सगळा भार त्या दोन टेकूंवर, आणि मधली कंबर रात्रभर अधांतरी. फार मऊ असेल तर सगळंच खाली जातं आणि पाठीचा झोका होतो. खांद्यानं थोडं रुतावं, कंबरेला खालून हात मिळावा, मणका सरळ राहावा, एवढीच त्या बिचाऱ्या पाठीची मागणी. हे तिनं आपल्याला इतकी वर्षं रोज सकाळी सांगितलं होतं. आपण तिला तेल चोळून गप्प केलं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘स्पेनमध्ये सतरंज्या मिळतात का?’

अण्णांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. माझी दिवसातली सर्वांत उत्तम झोप गादीवर होत नाही, ती सकाळच्या लोकलमध्ये होते. बाकाच्या चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धं शरीर बाहेर; समोरच्याची बॅग गुडघ्यावर, खिडकीकडच्याचं भजन कानात. ठाण्याच्या आधी डोळा लागतो आणि आपलं स्टेशन आलं की आपोआप उघडतो. त्या सीटवर ऑर्थो लिहिलेलं नाही. उलट घरी साठ इंच रुंदी, पंखा, अंधार, आणि डोळे टक्क उघडे. मुलाची फी, गळणारी गॅलरी, उद्याची मीटिंग, सगळे पायथ्याशी येऊन बसलेले. गादीवाल्यानं विकायला घेतलंय पाठीचं सुख. डोक्याचं दुकान कुठल्याच बाजारात नाही, आणि या दोन खात्यांची गल्लत केली की माणूस लाखाच्या गादीपाशी जाऊन उभा राहतो.

मुलाचं म्हणणं होतं की दुकानात जायचंच कशाला, ऑनलाइन मागवा, शंभर रात्री झोपून बघा, नाही पटली तर परत. खोक्यात गुंडाळी होऊन येते आणि प्लास्टिक कापलं की फुगून उभी राहते. बंगळुरूच्या वेकफिट कंपनीनं तर २०१९ मध्ये चक्क झोपेची इंटर्नशिप काढली होती; शंभर रात्री रोज नऊ तास झोपायचं आणि लाख रुपये घ्यायचे. अण्णांना ही बातमी मी मुद्दामच सांगितली नाही. त्या वयात रक्तदाब वाढलेला चांगला नाही. पण शंभर रात्री वापरलेली गादी परत करायची, हे आमच्या घरात कुणालाच जमणारं नव्हतं. आम्ही शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत देत नाही.

शेवटी पॉकेट स्प्रिंगवर काथ्याचा पातळ थर आणि वर थोडा फोम, मध्यम, असा तह झाला. एक बाजू कडक, एक मऊ अशी उलटसुलट गादीही पोरानं दाखवली होती. ‘दोघांचंही मन राखता येईल काकू,’ तो म्हणाला. अजून त्याचं लग्न झालेलं नसावं. एका वेळी वर एकच बाजू येते.

गादी आली त्या दिवशी कळलं की स्प्रिंग वाकत नाही आणि आमची लिफ्ट वाढत नाही. दोन हमाल, चार मजले, आणि प्रत्येक वळणावर गादी आधी उभी, मग तिरकी, मग कठड्यावरून बाहेर. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्यासमोर फक्त पांढरी भिंत होती. भिंतीमागून हमाल म्हणाला, ‘मावशी, जरा आत व्हा.’ वर पोचेपर्यंत सगळ्या इमारतीला आमच्या गादीची उंची, किंमत आणि कारण तोंडपाठ झालं होतं. न दिसणारा खर्च म्हणून मी जी तक्रार करत होतो, तीही मिटली.

राहिला प्रश्न जुन्या गादीचा आणि उशांचा. नव्या गादीबरोबर दोन उशा फुकट आल्या होत्या, आणि फुकट उशांचा जो स्वभाव असतो तोच त्यांचा होता. डोकं ठेवलं की दोन्ही बाजूंनी कान झाकतात आणि मधून मान टेकते पलंगाला. उशीचं दुखणं फार जुनं आहे. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांचं डोकं लोंबकळत होतं तेव्हा राजांनी धावत जाऊन मऊ मऊ उशा आणल्या, आणि भीष्मांनी त्या परत पाठवल्या. अर्जुनानं तीन बाण मारून डोक्याला टेकू दिला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. अण्णांचा हा आवडता प्रसंग.

हिनं जुनी गादी भंगारात जाऊ दिली नाही. पूर्वी धनुकली टणत्कारत पिंजारी गल्लीतून फिरायचा. अंगणात चादर टाकून बसायचा, तारेवर मोगरी पडली की गाठी सुटून कापूस ढगासारखा वर उठायचा, आणि संध्याकाळी त्याच्या पापण्यांपासून आमच्या तुळशीपर्यंत सगळं पांढरं असायचं. आता स्टेशनपलीकडे त्याच्या नातवाचं दुकान आहे, विजेवर चालणारं यंत्र आहे. त्यानं आमच्या गादीची पट्ट्यापट्ट्यांची खोळ उसवली, आतला कापूस बोटांत घेऊन ओढून बघितला, आणि म्हणाला, ‘ताई, धागा लांब आहे अजून. टाकू नका. तीन उशा होतील झकास.’ मग दोरा ओवता ओवता त्यानं विचारलं, ‘कडक भरू का मऊ?’

‘दोन मऊ, एक कडक,’ ही म्हणाली, ‘आणि कडक उशीला कोपऱ्यात लाल टाका घाला. हे रात्री अदलाबदल करतात.’